नमुन्यावरचं टिंब

।। श्री ।।

मुरबाड,
ता. १२ डिसेंबर २००३

प्रिय रुचितास हर्षालीचा स. न. वि. वि.

पहिलं म्हनजे माफ कर गो. हे पत्र हातानं लिवलेलं नाय, टाइप केलंय. बाजारपेठेत पिठाच्या गिरनीवर माडीवर टायपिंगचा क्लास हाय, तिथं मी महिनाभर जाते. शुद्धलेखन माझं कसं हाय ते तुला शाळेपासून ठावं. इथं तर काना मारायला जावं तर वेलांटी उठते. एवढ्या चार ओळींना पाव तास गेला. सर म्हनाले, मुंगीपन तुझ्यापेक्षा लवकर पोचंल. तर चुका झाल्या तर हसू नको, नि आत्याला वाचून दाखवू नको.

क्लास कशाला म्हनशील. असंच. घरी येऊन भाकऱ्याच थापायच्या, त्यापेक्षा बरं. इंग्रजीची मशिनं भरलेली म्हनून मराठीवर बसवलंय.

हे पत्र रामूदादा आनून देईल. आमच्या कंपनीचा टेम्पो तोच चालवतो. इथून सरळगाव, किन्हवली, शेनवा, सापगाव करत तुमच्या आसनगावच्या वर्कशॉपला माल घेऊन येतो. मालाच्या चलनाच्या कागदाबरोबर चिठ्ठी नेली तर त्याला काय जड नाय. एवढी वर्षं तू माझी आतेबहीन, पन आपन कधी एकमेकींना दोन ओळी लिवल्या नाय. आता टेम्पोच तुझ्या दारात येतो म्हटल्यावर लिवते.

माल का येतो ते तुला ठावंच असंल. आमी पंपाच्या पोलादी टोप्या बनवतो. प्रत्येक टोपीवर सहा आकडी नंबर लागतो. दोन वर्षं तो नंबर मी नि काशीमावशी हातानं मारतो. आकड्याचा पंच धरायचा, वर हातोडी. सहा आकडे, सहा ठोके, नि शेवटी एक बारीक ठोका आपल्या खुनेचा. ती खून सुदामदादानं लावून दिली. तो आमचा सुपरवायझर. नंबर वाकडा गेला तर कुनी मारला ते समजावं म्हनून. काशीमावशीची बारकी रेघ, माझं टिंब. टिंब का, तर मावशीनं माझं मनगट बघितलं नि म्हनाली, तुला देवानं नाय, गोंदनारनीनं दिलंय, तेच मार. म्हशाच्या जत्रेत आपन गोंदलं ते आठवतं ना? तू तीन टिंबं घेऊन गप बसलीस, मी एकातच पळाले.

आता शेठ म्हनाले, गिऱ्हाइकाला लेझरचा नंबर पायजे, ठोकलेला जुनाट दिसतो. आपल्याकडं मशीन नाय, तर बाहेरून मारून आना. नि बाहेर म्हनजे नेमकं कुठं, तर तू बसतेस तिथं. नमुना म्हनून सुदामदादानं माझ्या ट्रेमधला नग उचलला, सगळ्यांत सरळ म्हनून. काशीमावशीला जरा लागलं. मला बरं वाटलं नि वाईटपन वाटलं.

ते मशीन कसं असतं गो? नुसतं विचारते.

आत्याला नि काकांना नमस्कार. तुझा लोभ हाय तो वाढू दे, पातळ करू नको.

तुझी,
हर्षाली

---

भातसानगर,
ता. १७ डिसेंबर २००३

हर्षे, अनेक आशीर्वाद! (चार महिन्यांनी का होईना, मोठी आहे मी.)

तुझं छापील पत्र बघून मला वाटलं तहसीलदार ऑफिसची नोटीस आली. आईला वाचून दाखवलं, सॉरी. आई मुंगीवर इतकी हसली की पप्पा ड्युटीवर निघालेले, धरणाच्या गेटाला उशीर होईल म्हणून ओरडत परत आत आले. आई म्हणते, हर्षाली तोंडानं चार शब्द बोलत नाही, पण कागदावर बरी सुटते.

मशीन विचारलंस ते असंच विचारलंस ना? मग मी पण असंच सांगते. काचेच्या खोलीत आहे. मशिनला गरम चालत नाही म्हणून एसी, मी दुपारी स्वेटर घालते. कॉम्प्युटरवर नंबर टाकायचा, नग खाली ठेवायचा, गॉगल लावायचा, पायानं पेडल दाबायचं. झूं करून एक बारीक आवाज, आणि तीन सेकंदात नंबर तयार. हातोडी नाही, ठोका नाही. माझी खुर्ची गोल फिरते. विपुलशेठ, म्हणजे आमचे मालक, म्हणतात फिरू नकोस, पण कोण नसलं की मी एक चक्कर मारतेच. संध्याकाळी हात बघ माझे, शाळेत जाऊन आल्यासारखे स्वच्छ.

तुमच्याकडून ड्रॉइंग काही आलं नाही. नुसता नमुना आला, आणि सुदामदादाच्या अक्षरात चिठ्ठी, असाच मारा. म्हणून मी भिंग घेऊन बसले. आकड्यांची उंची, मधलं अंतर, कडेपासून लांबी, सगळं मोजून कॉम्प्युटरवर तसंच्या तसं उभं केलं. एक टिंबसुद्धा सोडलं नाही. विपुलशेठनी पाठ थोपटली, म्हणाले एमएससीआयटीचे पैसे वसूल झाले.

तुझा माल गुरुवारी परत येईल. त्यात तुझा नमुना तेवढा ओळखून दाखव!

आईनं चिंचेचा गोळा दिलाय, रामूदादानं मध्ये खाल्ला नाही तर मिळेल. प्रेम असंच ठेव, आणि जरा हसत जा गो.

तुझी मोठी,
रुचिता

---

।। श्री ।।

मुरबाड,
ता. ३ जानेवारी २००४

प्रिय रुचितास हर्षालीचा स. न. वि. वि.

चिंच मिळाली. अर्धी. रामूदादाला विचारलं तर म्हनाला, सापगावच्या पुलावर हवा लागून आटली.

माल आला. चांगलं कोरलंयस. सगळं अगदी. काशीमावशीनं एका टोपीवर अंगठा फिरवला, दोनदा फिरवला, नि म्हनाली, ह्याला तर काही लागतच नाय हाताला, नंबर हाय का सावली. मंग ती आपला चहा घेऊन भट्टीकडं जाऊन बसली. आमचं पंचाचं टेबल आता भिंतीला सरकवलंय. फुटकळ काम तेवढं आमच्याकडं येतं.

तू खुर्चीचं लिवलंस. आमच्याकडं एकच फिरती खुर्ची हाय, शेठची. तिच्यावर कोन बसत नाय. मी पंच मारते ते उभ्यानं. थंडीत पोलाद कसं लागतं ते तुला समजनार नाय, तू स्वेटर घालतेस तो दुपारी. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख दोनदा गेलंय. हे मी तक्रार म्हनून नाय सांगत.

पन एक सांगते, तुझ्याकडचं काम शेठला वाटलं तेवढं सस्तं नाय पडलं. नगाला तीन रुपये बोलले, ठीक हाय. मंग सेटिंगचे वेगळे. चाळीस नग पाठवले तरी दोनशेचं बिल, कारन तुमच्याकडं कमीत कमी तेवढं लागतं. टेम्पो अर्धा रिकामा गेला तरी भाडं पूर्न. चार दिवस माल तुमच्याकडं पडून, तोवर इथं पॅकिंगच्या बाया हात चोळत बसल्या. परत आला त्यात दोन नग कमी, पाचांना ओरखडे. तेल पुसलेलं, परत लावलेलं नाय, तर कडेला तांबूस गंज. हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर लिवून सुदामदादाच्या टेबलावर ठेवलं. बोलायला जमत नाय, लिवायला जमतं. त्यानं ते शेठला दाखवलं.

शेठ म्हनाले, मार्चपर्यंत बघू. नायतर जुनं मशीन मिळालं तर इथंच बसवू, नायतर पंचाचं टेबल कायमचं बंद करून सगळं आसनगावला देऊ.

पौर्निमेला म्हशाची जत्रा. येतेस का? बाबा म्हनतात घोंगडी घ्यायची हाय.

लोभ हायच. तू तुझा सांभाळ.

हर्षाली

---

भातसानगर,
ता. २८ जानेवारी २००४

हर्षे,

नमस्कार, आशीर्वाद, सगळं एकदाच. जत्रेला आले नाही, कारण सुट्टी मिळाली नाही. एसीच्या खोलीतल्या माणसाला वाटतं तेवढी सुट्टी नसते.

तुमच्या शेठनी विपुलशेठना फोन केला. मला काचेतून ऐकू आलं नाही, पण तोंड दिसत होतं. बाहेर येऊन ते एकेक वाचायला लागले: सेटिंग, टेम्पो, ओरखडे, गंज. मी म्हटलं ही भाषा मला ओळखीची आहे. तांबूस गंज असं दुसरं कोण लिहिणार? आई म्हणाली, पोरीनं लिहिलं ते खरं असेल तर तू चिडतेस कशाला. आईला तू आवडतेस ना, लहानपणापासून. पंगतीत बसलो तरी आधी तुझ्या पानात बघायची, कारण तू मागायची नाहीस. मी मागून घ्यायची, म्हणून मला कोण विचारायचं नाही.

खरं आहे ते सगळं. तेल लावायचं माझ्याकडूनच राहिलं. पण हे पण ऐक. आमच्याकडचं निम्मं काम तुमचं आहे. मशिनवर पहिला ऑपरेटर आहे तो मालकाचा भाचा, रात्रपाळीला. दुसरी मी. तुमचं काम गेलं तर दुसरी लागत नाही. एवढं सोपं आहे.

आणि खुर्ची, खुर्ची काय लावलंस? त्या खुर्चीवर बसून मी दिवसभर एकटी असते. गॉगलमुळं डोळे चुरचुरतात. आत दुसरं माणूस नाही, बोललं तर काच ऐकते. तू उभी असतेस पण तुझ्या बाजूला काशीमावशी असते, तुमचे डबे एकत्र उघडतात. रामूदादा सांगतो, तुमच्याकडं दुपारी इतका हसण्याचा आवाज असतो की टेम्पो लावताना त्याला वाटतं लग्न आहे. मी त्याला म्हटलं, हर्षाली पण हसते? तर म्हणाला, सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत लांब.

आता सरळ विचारते. तू टायपिंग माझ्या मशिनसाठी शिकतेस का?

उत्तर दे. प्रेम आहे म्हणूनच विचारलं, नसतं तर गप बसले असते.

रुचिता

---

मुरबाड,
ता. ११ फेब्रुवारी २००४

रुचितास,

हो.

तुझ्या मशिनसाठी नाय. इथं आलं तर त्या मशिनसाठी. पन तुला तेच वाटनार.

नववीत बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला, नि माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाय. सगळा वर्ग हसला. तू पन त्याच वर्गात होतीस, तेव्हा तुमी मुरबाडलाच होता. तू हसली नाय, तू पुढचा धडा घडघडा वाचून दाखवलास. ते मला हसन्यापेक्षा जास्त लागलं. त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं, मी घरी राह्यले ती राह्यलेच. तू दहावी झालीस, कॉम्प्युटर शिकलीस, काकांना सरकारी क्वार्टर, दारात नळ. आमच्याकडं जे नवीन येतं ते आधी तुझ्याकडं येऊन जुनं झालेलं असतं. एक हे नंबर मारायचं काम माझं होतं, जे तुला येत नव्हतं. ते पन तू पायानं करतेस.

शेठ मागल्या रविवारी भिवंडीला एक जुनं मशीन बघून आले. पुन्यातलं नवीन गिऱ्हाईक मिळालंय, पहिली मोठी ऑर्डर नऊशे टोप्यांची. ती तेवढी तुमच्याकडून मारून घेनार, मंग ठरवनार.

आता मला चाळीस शब्द येतात मिनिटाला. खोटं नाय, बावीस.

आत्याला नमस्कार.

हर्षाली

---

भातसानगर,
ता. १५ मार्च २००४

प्रिय हर्षाली,

हे पत्र रामूदादाच्या हातात देते आणि त्याला सांगितलंय, किन्हवलीत चहाला थांबू नको.

पुण्याचा माल परत आला. नऊशेच्या नऊशे. एक खोका तेवढा फोडलेला, बाकीचे तसेच तुमच्या शेठनी आमच्या दारात उतरवले. त्यांच्या कागदावर लिहिलंय, नंबरच्या शेजारी टिंब आहे. त्यांच्या कंपनीत नंबरशेजारी टिंब म्हणजे बिघडलेला आणि दुरुस्त केलेला नग. ते म्हणतात आम्ही नवीन मालाचे पैसे दिले, तुम्ही दुरुस्त केलेला पाठवला. त्यांचं लाइनीवरचं काम तीन दिवस थांबलं, त्याचा दंड वेगळा.

विपुलशेठनी मला काचेच्या बाहेर बोलावलं. म्हणाले टिंब कुठून आलं? मी म्हटलं नमुन्यावर होतं. त्यांनी तुमच्या सुदामदादाला फोन लावला. सुदामदादा म्हणाला, आमच्या नंबरात टिंब नसतं, पोरीनं मनानं घातलं असेल. नमुना कुठं आहे म्हटलं, तर तो कधीच मालाबरोबर गेला, कोणत्या गिऱ्हाइकाकडं ते कोणाला माहीत नाही.

हर्षे, मला आता स्वतःचाच भरवसा नाही. मी भिंगातून बघितलं होतं. होतं ना गो टिंब? का ती धूळ होती? तो नग तुझ्या ट्रेमधला होता, तुला माहीत असणार. डिसेंबरातलं माझं पत्र तुझ्याकडं असेल तर बघ, मी काही लिहिलं होतं का.

गुरुवारी विपुलशेठ तुमच्याकडं येणार आहेत, तुमच्या शेठसमोर बसायला. मला म्हणाले, त्यानंतर तू कामावर यायचं का ते सांगतो. पप्पांना मी अजून सांगितलं नाही. आई बघते माझ्याकडं आणि पानात जास्तीचं वाढते. पहिल्यांदाच.

मशीन तुला मिळू दे, मला त्याचं काही नाही. पण खोटी ठरून जायचं नाही मला.

तुझी,
रुचिता

---

।। श्री ।।

मुरबाड,
ता. २० मार्च २००४

प्रिय रुचितास हर्षालीचा स. न. वि. वि. नि आत्याच्या पाया पडते.

तुला रामूदादाकडून अर्धं समजलं असंल, नि तो अर्ध्याचं दीडपट करून सांगतो. म्हनून मी सगळं लिवते. आज क्लासला सुट्टीच हाय, पन सरांना सांगून बसलेय.

पहिलं हे वाच, मंग बाकीचं. टिंब होतं. माझंच होतं. नि तू ते कोरलंस हे मला पहिल्यापासून ठावं होतं. तू सतरा डिसेंबरच्या पत्रात लिवलंस, एक टिंबसुद्धा सोडलं नाय. ते मी दोनदा वाचलं. मंग माल आला नि प्रत्येक टोपीवर माझी खून. काशीमावशीच्या डोळ्यांना बारीक दिसत नाय. सुदामदादाला ते टिंब रोज बघून दिसायचंच बंद झालंय. ह्या कंपनीत कुनालाच ते वेगळं वाटलं नाय. मला एकटीला समजलं.

नि मी गप बसले. चुकून नाय गो. मला बरं वाटत होतं. तू एसीत बसून, गोल खुर्चीवर, पायानं, माझं टिंब मारत होतीस, नि तुला ठावं नव्हतं. पुन्याचे नऊशे नग पॅक होताना मी एक हातात घेतला, बघितला नि परत ठेवला. तेव्हा बोलले असते तर गेलाच नसता माल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारभर मी विचार करत होते, नि खोटं कशाला सांगू, पहिला विचार चांगला नव्हता. शेठ इतके चिडलेले की आता बाहेर काम देनारच नाय, भिवंडीचं मशीन उद्या उचलतो म्हनत होते. सुदामदादा जाताजाता मला म्हनाला, टायपिंग कुठवर आलं गो हर्षाली. म्हनजे त्याला पन ठावं होतं. मला फक्त काय नाय करायचं होतं. गप बसायचं, जे मला सगळ्यांत चांगलं येतं.

डबा खाताना काशीमावशीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हनाली, गोंदलेलं पुसत नाय पोरी, तू कशाला झाकतेस. एवढंच. मंग लोनच्याची फोड माझ्या डब्यात टाकून उठली.

गुरुवारी तुमचे विपुलशेठ आले. शेठच्या केबिनीत शेठ, ते नि सुदामदादा. मी दार ढकललं नि आत जाऊन उभी राह्यले. सगळे बघतात माझ्याकडं. शेठनी विचारलं काय पायजे. नि रुचे, नववीसारखंच झालं. तोंड उघडं नि आवाज नाय. सुदामदादा म्हनाला, चहाचं विचारायला आली असंल. तिघांनी चहा सांगितला. विपुलशेठनी बिनसाखरेचा.

मी बाहेर गेले. पंचाचा डबा उचलला, हातोडी उचलली, दोन कोऱ्या टोप्या घेतल्या नि परत आत आले. शेठच्या टेबलावर लाकडी ठोकळा ठेवला. काच हाय टेबलावर, शेठ ओरडले, मी ऐकलं नाय. पुन्याचाच नंबर मारला. सहा आकडे, सहा ठोके. नि सातवा ठोका आपोआप पडला. टिंब.

विपुलशेठ खुर्चीतून अर्धे उठले. शेठनी चष्मा लावला, टोपी उजेडात धरली, नि सुदामदादाकडं बघितलं. सुदामदादा म्हनाला, ही आत्ता मुद्दाम मारते, ती पोरगी हिची बहीन लागते. शेठ मला म्हनाले, दुसरी मार, टिंब न मारता, सावकाश. मी मान हलवली. दुसरी टोपी ठेवली, मनात म्हटलं नाय मारायचं, नाय मारायचं. सहा ठोके मारले. नि हात परत उठला नि टिंब मारून खाली आला. मला समजलंपन नाय. समोर विपुलशेठ हसले तेव्हा समजलं. शेठ हसले नाय, पन त्यांनी सुदामदादाला विचारलं की ही खून कुनी लावून दिली. सुदामदादा म्हनाला, दोन वर्षांमागं मीच. आता त्याचं तोंड कुठं ठेवायचं ते त्याला सुचंना. मला त्याची दया आली, थोडीशी.

मंग मी तुझं डिसेंबरचं पत्र टेबलावर ठेवलं. शेठनी ते सगळं वाचलं, चिंचेपर्यंत. मंग मला विचारलं, म्हनजे तुला ठावं होतं, मंग बोलली का नाय. नि तेव्हा आवाज निघाला गो. मी म्हटलं, बरं वाटत होतं म्हनून. चहावाला आला नि कप ठेवून गेला.

दंड आमच्या कंपनीवर आला. तुझ्यावर काय नाय. विपुलशेठनी तिथूनच फोन केला तुमच्याकडं, तू उचललास असं रामूदादा म्हनाला, नि म्हनाला रुचिता रडली. ते दीडपटवालं हाय का खरं ते तू सांग.

शेठनी माझा आठवड्याचा पगार कापला. नि पुन्यावाले तयार झालेत, टिंब तेवढं निघालं तर माल घेतो. लेझरचं वरच्यावर असतं, बारीक पॉलिशच्या दगडानं जातं, पन हळू, आकड्याला धक्का न लावता. ते कुनी करायचं, तर जिचं टिंब तिनं. काल सकाळपासून बसलेय. काल तीनशे दहा झाले. आपलंच टिंब पुसायचं, एकेक, नऊशे वेळा. पहिल्या शंभरांना डोळ्यांत पानी आलं, मंग काय वाटंना. मंग काशीमावशी येऊन बाजूला बसली नि एक दगड तिनं पन घेतला. दुपारी आमी हसलो. रामूदादा टेम्पो लावत होता, त्याला विचार.

मशीन घेत नाय शेठ, निदान या वर्साला. म्हनाले, मशीन इथं असो का तिथं, नमुना डोळे उघडे ठेवून द्यायला पायजे, ते मशीन करत नाय. म्हनून आता ठरलंय की प्रत्येक खेपेला नमुना नि पहिला नग बघायला आमच्यातलं एक मानूस टेम्पोतून आसनगावला जाईल. सुदामदादा म्हनाला मी जातो. शेठ म्हनाले, नको, हिला पाठव, हिला टिंब दिसतं.

तर पुढल्या गुरुवारी मी येते. तुझ्या काचेच्या खोलीत. तू खुर्चीवर बस, खुर्ची तुझीच, मला अजून बघवनार नाय ती, हे आधीच सांगते. मला एक स्टूल ठेव, पन खुर्चीपेक्षा उंच ठेव. स्वेटर माझ्याकडं नाय, तुझा दे. तुझा जुना म्हनजे मला बरोबर बसतो. नि डबा दोघींचा मी आनते, त्या काचेला आपन दोघी मिळून ऐकवू.

मला माफ केलंस का ते पत्रात लिवू नको. गुरुवारी आत्याच्या हातचं काय आनलंस त्यावरून मी समजेन. लोभ ठेव, नि या वेळी मागून घेते, माझ्या पानात आधी वाढ.

तुझी,
हर्षाली

ता. क. अगो थांब. सर ओरडत जिन्यावरून गेले. खालून त्यांची सायकल कुनी नेली, सर बिनचपलेचे बाजारपेठेतून धावतायत, गिरनीवाला मागं, नि क्लासची चावी माझ्यापाशीच राह्यली.